मद्यासक्तीचा पूर्वेतिहास आणि सुरक्षा-पात्रता : अमेरिकन संघराज्यातील एका निकषाची वाटचाल

माणसाच्या हातून घडलेली चूक केव्हा संपली असे मानावयाचे, हा प्रश्न जसा नीतिशास्त्राचा आहे, तसाच तो राज्यशास्त्राचाही आहे. न्यायालय शिक्षा सुनावते. ती भोगून झाली की कायद्यापुरता तो विषय मिटतो. वैद्य उपचार करतो. रोगी बरा झाला की रुग्णालयाशी त्याचा संबंध तुटतो. परंतु राज्यसंस्था जेव्हा आपली गुपिते एखाद्याच्या हाती सोपवावयास निघते, तेव्हा भोगलेली शिक्षा आणि घेतलेला उपचार या दोहोंकडे ती निराळ्याच दृष्टीने पाहते. शिक्षा देणे किंवा रोग बरा करणे हा तिचा हेतू नसतो. हा मनुष्य पुढे कसा वागेल, याचे अनुमान तिला बांधावयाचे असते. आणि ते बांधण्यास भूतकाळाखेरीज दुसरे साधन तिच्यापाशी नसते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शासनाची गोपनीय माहिती हाताळण्याच्या अनुज्ञेस ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ असे म्हणतात. त्या अनुज्ञेसाठी लागणाऱ्या योग्यतेस प्रस्तुत निबंधात ‘सुरक्षा-पात्रता’ ही संज्ञा योजिली आहे. ही पात्रता ठरविताना अतिमद्यपानाचा पूर्वेतिहास कितपत आड यावा, याविषयीचे तेथील शासनाचे धोरण गेल्या पाऊण शतकात बरेच पालटले. प्रारंभी जो चारित्र्याचा दोष गणला गेला, तो पुढे रोग म्हणून ओळखला गेला. आणि अखेरीस चारित्र्य व रोग या दोहोंपेक्षा प्रत्यक्ष वर्तनाच्या पुराव्यास अधिक महत्त्व आले. मात्र या सर्व स्थित्यंतरांत एक गृहीतक अढळ राहिले : संशयाचा फायदा व्यक्तीला मिळावयाचा नसून राज्याला मिळावयाचा. निकष उदार होत गेला, पण ज्या पायावर तो उभा होता तो पाया हलला नाही, हे या इतिहासाचे सार होय.

१. निष्ठेकडून सुरक्षिततेकडे

दुसरे महायुद्ध संपून शीतयुद्धास तोंड फुटले, त्या वेळी अमेरिकन शासनापुढील प्रश्न निष्ठेचा होता. २१ मार्च १९४७ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी काढलेल्या ९८३५ क्रमांकाच्या आदेशाने संघराज्याच्या नोकरवर्गाची निष्ठा पारखण्याची योजना सुरू झाली. नोकर राज्याशी एकनिष्ठ नाही असे मानावयास सयुक्तिक आधार आहे काय, हे त्या योजनेत पाहावयाचे होते. १९५१ साली ही कसोटी अधिक कडक करण्यात येऊन निष्ठेविषयी सयुक्तिक संशय असला तरी तो पुरेसा मानावा असे ठरले. तथापि या दोन्ही कसोट्या निष्ठेच्या होत्या, सवयींच्या नव्हत्या. दारूच्या आहारी गेलेला मनुष्य राज्याशी पूर्ण एकनिष्ठ असू शकतो. त्यामुळे मद्यपान हे निष्ठेच्या चौकशीत गौणच राहणार, हे उघड होते.

२७ एप्रिल १९५३ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी काढलेल्या १०४५० क्रमांकाच्या आदेशाने मूळ प्रश्नच बदलला. अमुक मनुष्य एकनिष्ठ आहे काय, असे न विचारता त्याला नोकरीत ठेवणे राष्ट्रीय सुरक्षिततेच्या हिताशी स्पष्टपणे सुसंगत आहे काय, असे विचारले जाऊ लागले. या एका बदलाने चौकशीचे क्षेत्र विचारांपासून सवयींपर्यंत विस्तारले. आदेशात विचारात घ्यावयाच्या बाबींची जी यादी होती तिच्यातील एकाच उपकलमात गुन्हेगारी, अप्रामाणिक, अनैतिक वा कुप्रसिद्ध वर्तन, मादक पेयांचे नित्याचे अतिसेवन, अमली द्रव्यांचे व्यसन आणि तत्कालीन परिभाषेत ज्यास ‘लैंगिक विकृती’ म्हटले जाई ती बाब, या सर्वांना एकत्र गोवण्यात आले होते.

या उपकलमाची शब्दयोजना अभ्यासकांनी बारकाईने पाहण्यासारखी आहे. मद्यपान ‘नित्याचे’ आणि ‘अति’ असावे, अशी दुहेरी अट तीत होती. म्हणजे एखाद्या रात्रीचा प्रमाद तत्त्वतः पुरेसा नव्हता. परंतु याच आदेशात मानसिक व मज्जासंस्थेच्या रोगांसाठी स्वतंत्र उपकलम होते आणि रोग बरा झाल्याचा समाधानकारक पुरावा असल्यास त्याची दखल घेण्याची सोय त्यात होती. १९५४ च्या दुरुस्तीने ते उपकलम अधिक व्यापक झाले. रोगाचा परिणाम तात्पुरता आहे की टिकाऊ, हे वैद्यकीय मतानुसार लक्षात घ्यावे, असे त्यात नमूद करण्यात आले. रोगाच्या उपकलमात बरे होण्यास जागा होती. मद्यपानाच्या उपकलमात ती नव्हती. दारू पिणाऱ्याची गणना रोग्यांत न करता दुर्वर्तनी माणसांत केल्याचा हा अटळ परिणाम होता. रोग बरा होतो. चारित्र्याचा डाग मात्र पुसला जात नाही, अशी ही धारणा होती.

या एकत्र गोवण्याचे सामाजिक परिणामही झाले. ऑक्टोबर १९५३ मध्ये शासनाने १,४५६ ‘सुरक्षा-दृष्ट्या धोकादायक’ नोकर सेवेतून दूर झाल्याचे जाहीर केले. या आकड्यात कोण कोणत्या कारणासाठी गेले, हे वेगळे दाखविले गेले नव्हते. राजकीय व्यासपीठांवरून तो आकडा साम्यवाद्यांच्या हकालपट्टीचा म्हणून मिरविला गेला. यादीतील ज्याचा दोष मद्यपानाचा होता, त्याच्या कपाळी अशा रीतीने राजद्रोहाच्या संशयाचा शिक्काही बसला. सवयीचा दोष आणि राज्याशी बेइमानी यांतील अंतर आदेशकर्त्यांना कळत होते. समाजाला ते कळेल अशी तजवीज मात्र त्यांनी केली नाही.

२. ब्रिटनमधील एक धडा

मद्यपान आणि गुप्तता यांचा संबंध केवळ नैतिक पूर्वग्रहातून जोडला गेला, असे म्हणणे मात्र एकांगी ठरेल. त्यामागे प्रत्यक्ष घटनाही होत्या. त्यांतील सर्वांत गाजलेली घटना ब्रिटनमधील असून अमेरिकन शासनाला तिची झळ पोहोचली होती. २५ मे १९५१ रोजी ब्रिटिश परराष्ट्र खात्यातील गाय बर्जेस आणि डोनाल्ड मॅक्लीन हे दोन अधिकारी इंग्लंड सोडून गेले आणि पुढे सोव्हिएट संघराज्यात प्रकट झाले. दोघेही वॉशिंग्टन येथील ब्रिटिश वकिलातीत काम केलेले होते. दोघांच्याही दारूबाजीच्या कथा सहकाऱ्यांना ठाऊक होत्या. मॅक्लीनने १९५० साली कैरो येथे नशेच्या भरात अमेरिकन वकिलातीतील महिला कर्मचाऱ्यांच्या घरात शिरून सामानाची मोडतोड केली होती. त्याला मायदेशी धाडून मानसोपचार देण्यात आले आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात परराष्ट्र खात्याच्या अमेरिका विभागाचा प्रमुख नेमण्यात आले.

ब्रिटनमध्ये १९५२ साली संवेदनशील पदांसाठी प्रत्यक्ष चौकशीची पद्धत सुरू झाली, आणि मार्च १९५६ च्या श्वेतपत्रिकेत मद्यपान, अमली द्रव्यांचे व्यसन यांसारखे स्वभावदोष माणसाला अविश्वसनीय करतात अथवा धाकदपटशाला बळी पाडतात, असे प्रतिपादन करण्यात आले. येथे एक तार्किक अडचण उद्भवते. बर्जेस आणि मॅक्लीन हे सोव्हिएट हेर झाले ते विद्यार्थिदशेतील राजकीय विश्वासांमुळे, दारूमुळे नव्हे. वर्षानुवर्षे दुहेरी आयुष्य जगताना आलेल्या ताणामुळे त्यांचे मद्यपान वाढले, असे मानणेच अधिक सयुक्तिक दिसते. म्हणजे दारू ही द्रोहाचे कारण नसून त्याचे लक्षण असू शकते. लक्षण म्हणून तिची दखल घेणे शहाणपणाचे होते. पण तिलाच कारण मानल्यामुळे ज्यांच्या पेल्यामागे कोणतेही गुपित दडलेले नव्हते असे असंख्य सामान्य नोकरही त्याच न्यायाने तोलले जाऊ लागले.

३. कार्यपद्धतीचा प्रश्न

अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यायालयांनी या व्यवस्थेला काही मर्यादा घातल्या. १९५६ साली कोल विरुद्ध यंग या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, सुरक्षिततेच्या कारणावरून तडकाफडकी बडतर्फीचा अधिकार ज्या पदांचा राष्ट्राच्या सुरक्षिततेशी प्रत्यक्ष संबंध आहे त्यांपुरताच आहे. १९५९ साली ग्रीन विरुद्ध मॅकेलरॉय या दाव्यात, संरक्षण-उद्योगातील एका अभियंत्याची पात्रता त्याच्याविरुद्धच्या साक्षीदारांना समोर न आणता काढून घेण्यास स्पष्ट कायदेशीर आधार नाही, असे न्यायालयाने ठरविले. या निकालानंतर २० फेब्रुवारी १९६० रोजी १०८६५ क्रमांकाचा आदेश निघाला आणि खाजगी उद्योगांतील कर्मचाऱ्यांना कारणांचे लेखी निवेदन, सुनावणी आणि उत्तर देण्याची संधी मिळू लागली.

वरील दोन्ही दावे मद्यपानाचे नव्हते. तरीही मद्यासक्तीच्या प्रश्नाशी त्यांचा निकटचा संबंध आहे. कारण सुनावणी नसेल तेथे सुधारणेचा पुरावा मांडावयास जागाच नसते. ‘मी पीत होतो, आता पीत नाही’ हे वाक्य कोणीतरी ऐकून घ्यावे लागते. ते ऐकून घेणारे व्यासपीठ १९६० च्या आदेशाने निदान एका वर्गापुरते निर्माण झाले. त्या व्यासपीठावर मद्यासक्तीविषयी कोणते तत्त्व लावावयाचे, हे मात्र अद्याप अनिर्णीत होते.

४. रोगाची कल्पना आणि १९७० चा कायदा

याच काळात मद्यासक्तीविषयीची वैद्यकीय दृष्टी पालटत होती. १९३५ साली ओहायो संस्थानातील अ‍ॅक्रन येथे ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या परस्परसाहाय्याच्या चळवळीचा उगम झाला होता. १९५६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्तांना रुग्ण मानून सर्वसाधारण रुग्णालयांत प्रवेश द्यावा, अशी भूमिका घेतली. १९६० साली ई. एम. जेलिनेक यांचा मद्यासक्तीच्या रोग-संकल्पनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कायद्याने मात्र ही कल्पना सहजासहजी स्वीकारली नाही. १९६८ साली पॉवेल विरुद्ध टेक्सस या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरविले की, मद्यासक्त माणसाला सार्वजनिक ठिकाणी नशेत आढळल्याबद्दल दंड करणे घटनाबाह्य नाही. मद्यासक्ती ही अवस्था आणि नशेत चव्हाट्यावर येणे ही कृती यांत भेद करण्यात आला. अवस्था आणि कृती यांतील हाच भेद पुढे सुरक्षा-पात्रतेच्या नियमांचाही कणा झाला.

विधिमंडळात या प्रश्नाला वाचा फोडली ती आयोवा संस्थानाचे सिनेटर हॅरल्ड ह्यूज यांनी. स्वतः एकेकाळी मद्यासक्त असल्याचे ते लपवीत नसत; तरीही आयोवाच्या जनतेने त्यांना आधी राज्यपालपदी आणि मग सिनेटमध्ये निवडून दिले होते. त्यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या आणि ३१ डिसेंबर १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांची स्वाक्षरी झालेल्या कायद्याने संघराज्याच्या नागरी नोकरांसाठी उपचाराच्या योजना आखणे शासनावर बंधनकारक केले. त्याखेरीज केवळ पूर्वीच्या मद्यासक्तीच्या कारणावरून कोणालाही संघराज्याची नागरी नोकरी नाकारता येणार नाही, असे तत्त्व त्यात घालून दिले.

हे कलम येथेच संपले असते, तर प्रस्तुत विषयाचा इतिहासही बहुधा येथेच संपला असता. परंतु त्यापुढील उपकलमाने मध्यवर्ती गुप्तवार्ता संस्था, संघीय अन्वेषण संस्था आणि राष्ट्रीय सुरक्षा संस्था, तसेच अध्यक्षांनी राष्ट्रीय सुरक्षिततेसाठी निर्दिष्ट केलेली अन्य खाती आणि खातेप्रमुखांनी संवेदनशील ठरविलेली पदे, यांना या तत्त्वातून वगळले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले, असे म्हणणे योग्य होणार नाही. कारण असंख्य सामान्य नोकरांना या कायद्याने खरोखरीचे संरक्षण दिले. परंतु या वगळण्याचा अर्थ स्पष्ट होता. मद्यासक्ती हा बरा होणारा विकार आहे, हे राज्य टपालखात्यातील कारकुनाच्या बाबतीत मान्य करावयास तयार होते. गुपिते हाताळणाऱ्याच्या बाबतीत ते मान्य करावयाचे की नाही, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य त्याने स्वतःपाशी राखून ठेवले.

५. ईगन यांचा दावा

या राखून ठेवलेल्या स्वातंत्र्याची व्याप्ती किती, याचे उत्तर १९८८ साली मिळाले. टॉमस ईगन यांना नोव्हेंबर १९८१ मध्ये वॉशिंग्टन संस्थानातील ब्रेमर्टन येथे, ट्रायडेंट पाणबुड्यांची दुरुस्ती होत असे त्या नौदलाच्या केंद्रात, मजुरांच्या तुकडीचा प्रमुख म्हणून नोकरी मिळाली. पदासाठी सुरक्षा-पात्रता आवश्यक होती. तिचा निर्णय होईपर्यंत त्यांना पाणबुडीवर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. १९८३ साली नौदलाने पात्रता नाकारण्याचा इरादा कळविला. त्याची कारणे अशी दिली होती : मारहाणीबद्दल व गुन्हेगारास मनाई असताना बंदूक बाळगल्याबद्दल झालेल्या शिक्षा, अर्जात आणखी दोन जुन्या शिक्षा न नोंदविणे, आणि पूर्वीचे मद्यपानाचे प्रश्न. शिक्षेचे अखेरचे २८ दिवस त्यांनी मद्यमुक्ती केंद्रात काढले होते, याचाही उल्लेख नौदलाने केला.

ईगन यांचे उत्तर साधे होते. आपण समाजाचे देणे फेडले आहे आणि नोटीस येण्यापूर्वीची तीन वर्षे दारू हा आपल्यापुढील प्रश्न राहिलेला नाही, असे त्यांनी कळविले. नौदलाचे समाधान झाले नाही. पात्रता गेली आणि तिच्यामागोमाग नोकरीही गेली. दावा नोकरवर्गाच्या अपील मंडळाकडून संघीय अपील न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ फेब्रुवारी १९८८ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी नौदलाच्या बाजूने निर्णय दिला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिले. सुरक्षा-पात्रतेवर कोणाचाही हक्क नाही. पात्रता देणे वा नाकारणे हे भविष्याविषयीचे अनुमान असून ते करण्याचा अधिकार तज्ज्ञ कार्यकारी अधिकाऱ्यांचा आहे. आणि त्या अनुमानाची गुणवत्ता अपील मंडळाने तपासावयाची नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

ईगन यांच्या प्रकरणात दारू हे एकमेव कारण नव्हते आणि ते सर्वांत वजनदारही नव्हते, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. शस्त्राचे गुन्हे आणि अर्जातील मौन ही कारणे स्वतंत्रपणे गंभीर होती. परंतु या निकालाने प्रस्थापित केलेला न्याय मद्यासक्तीच्या पूर्वेतिहासास तंतोतंत लागू पडतो. तीन वर्षांचा संयम पुरेसा आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर चूक ठरले तरी ते चूक आहे असे म्हणण्याचा अधिकार त्या अपील मंडळाला उरला नाही. फौजदारी न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. येथे तो राज्याला मिळतो, आणि राज्याने तो योग्य रीतीने घेतला काय, हे पाहणारे बाहेरचे कोणी जवळजवळ नसते.

६. दोन विश्वासघात आणि दोन चुका

न्यायालयात हा वाद चालू असतानाच हेरखात्याच्या अनुभवाने या प्रश्नाला दुसरी बाजू पुरविली. एडवर्ड ली हॉवर्ड याला मध्यवर्ती गुप्तवार्ता संस्थेने १९८१ साली नोकरीत घेतले आणि मॉस्को येथील कामगिरीसाठी तयार केले. मे १९८३ मध्ये, मॉस्कोला रवाना होण्यापूर्वीच, सत्यशोधक यंत्राच्या तपासणीत अमली द्रव्ये, मद्यपान आणि किरकोळ चोरी यांविषयी संशय निर्माण झाल्याने त्याला एकाएकी काढून टाकण्यात आले. मॉस्कोतील कारवायांची माहिती मात्र त्याच्या डोक्यातच राहिली. त्याचे मद्यपान वाढले आणि १९८४ साली न्यू मेक्सिकोत नशेत शस्त्रासह झालेल्या भांडणाबद्दल त्याला शिक्षा झाली. सप्टेंबर १९८५ मध्ये पाळतीवरील लोकांना चकवून तो निसटला आणि सोव्हिएट संघराज्याच्या आश्रयास गेला. त्याने गुपिते विकली, असा अमेरिकन तपासयंत्रणांचा निष्कर्ष आहे.

दुसरे उदाहरण ऑल्ड्रिच एम्सचे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी मेक्सिको सिटी येथे असताना एका समारंभात नशेत त्याने क्यूबन अधिकाऱ्याशी जाहीर भांडण केले. एका वाहन-अपघाताच्या वेळी तो पोलिसांना उत्तरही देऊ शकणार नाही अशा अवस्थेत सापडला. त्याच्या मद्यपानाविषयी समुपदेशन व्हावे, अशी शिफारस वरिष्ठाने केली. प्रत्यक्षात ते एका संभाषणावर आटोपले. १९८३ साली त्याला सोव्हिएटविरोधी प्रतिहेरगिरीच्या शाखेचा प्रमुख नेमण्यात आले. एप्रिल १९८५ पासून २१ फेब्रुवारी १९९४ रोजी अटक होईपर्यंत तो मॉस्कोला माहिती विकत होता, आणि त्याच्या विश्वासघाताने अनेक माणसांचे प्राण गेले. त्याच वर्षी सिनेटच्या समितीने सादर केलेल्या अहवालात त्याच्या मद्यपानाकडे व बेपर्वाईकडे संस्थेने वर्षानुवर्षे केलेल्या कानाडोळ्यावर कडक टीका होती.

या दोन प्रकरणांचा धडा एकच नाही, हे लक्षणीय आहे. हॉवर्डच्या बाबतीत संस्थेने कठोरपणा केला, पण काढून टाकलेल्या माणसाचे पुढे काय होणार, याचा विचार केला नाही. एम्सच्या बाबतीत तिने सौम्यपणा केला, परंतु त्याला उपचाराचे किंवा देखरेखीचे रूप दिले नाही. दोन्ही ठिकाणी चूक निकषात नव्हती. माणसाची दखल घेण्यात होती. एम्सने द्रोह केला तो मुख्यतः पैशासाठी, दारूसाठी नव्हे. तथापि त्याच्या दारूकडे वेळीच कोणी गांभीर्याने पाहिले असते, तर निदान त्याच्या खुर्चीचा फेरविचार झाला असता, असे मानण्यास जागा आहे.

७. परिहाराचे नियम

२ ऑगस्ट १९९५ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेल्या १२९६८ क्रमांकाच्या आदेशाने सर्व खात्यांसाठी समान निकष ठरविण्याची दिशा घालून दिली. केवळ लैंगिक प्रवृत्तीवरून किंवा केवळ मानसिक आरोग्याविषयी समुपदेशन घेतल्यावरून प्रतिकूल अनुमान काढावयाचे नाही, असेही त्यात म्हटले होते. १९५३ साली एकाच उपकलमात गोवलेल्या बाबींची ताटातूट अशा रीतीने झाली. त्यांतील एक बाब दोषांच्या यादीतून गळाली. मद्यपान यादीत राहिले, परंतु निराळ्या स्वरूपात.

१९९७ साली मान्य झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, २००५ च्या सुधारणेत आणि ८ जून २०१७ पासून अमलात आलेल्या निर्देशात एकूण १३ निकष असून सातवा निकष मद्यपानाचा आहे. प्रत्येक निकषाखाली प्रथम चिंतेचे कारण, मग अपात्रता सूचित करणाऱ्या बाबी आणि शेवटी त्यांचा परिहार करणाऱ्या बाबी, अशी रचना आहे. १९५३ च्या आदेशाशी तुलना करता खरा फरक या तिसऱ्या भागात आहे. दोषाबरोबर त्याच्या निवारणाचा मार्गही नियमातच लिहिला गेला.

मद्य पिऊन वाहन चालविणे, मारामारी, कुटुंबीयांचा छळ, कामावर नशेत येणे, निर्णयशक्ती ढळेल इतके नित्य वा एका बैठकीत पिणे, तज्ज्ञाने केलेले विकाराचे निदान, निदानानंतर वैद्यकीय सल्ला धुडकावणे, न्यायालयाचा उपचारविषयक आदेश न पाळणे, या बाबी अपात्रता सूचित करतात. व्यक्ती किती वेळा पिते किंवा विकाराचे निदान झाले आहे की नाही, याकडे न पाहता कामाबाहेरील एकच घटनाही चिंतेस पुरते. म्हणजे ‘नित्याचे’ ही १९५३ ची अट येथे सैल झाली, असे दिसते. उलटपक्षी, बराच काळ लोटणे किंवा घटना अपवादात्मक परिस्थितीत घडलेली असणे, मद्यपानाचा प्रश्न आहे हे स्वतः मान्य करून सुधारणेचा पुरावा देणे, उपचार पूर्ण करून संयमित मद्यपानाचा वा पूर्ण वर्ज्यतेचा सुस्थिर क्रम दाखविणे, या बाबींनी दोषाचा परिहार होतो.

या तीन आवृत्त्यांतील शब्दभेद उद्बोधक आहेत. १९९७ च्या तत्त्वांत निष्काळजीपणाने गुपित फुटण्याचा धोका स्पष्टपणे नमूद होता. २००५ पासून तो शब्दप्रयोग जाऊन विश्वासार्हतेचा सर्वसाधारण प्रश्न पुढे आला. म्हणजे नशेत जीभ सैल होईल ही जुनी भीती मागे पडली, आणि मद्यपान हे माणसाच्या आत्मसंयमाचे गमक मानले जाऊ लागले. तसेच निदान झालेल्या व्यक्तीस १९९७ मध्ये किमान १२ महिन्यांच्या वर्ज्यतेची अट होती. पुढे निश्चित मुदत जाऊन ‘सुस्थिर क्रम’ हा शब्द आला. २०१३ साली मानसोपचाराच्या वर्गीकरणात ‘दुरुपयोग’ व ‘परावलंबन’ हे दोन प्रकार एकाच विकारात विलीन झाले, तेव्हा २०१७ च्या निर्देशानेही तीच परिभाषा स्वीकारली. मुदत गेल्याने नियम लवचीक झाला. सहा महिन्यांत सावरलेल्यास त्याचा लाभ झाला. पण आपण केव्हा सुरक्षित झालो हे कोणालाच निश्चितपणे सांगता येईनासे झाले. अमली द्रव्यांच्या बेकायदा वापराविषयी २००८ च्या कायद्याने थेट मनाई घातली आहे. मद्यासक्तीस तशी मनाई नाही. तिच्या बाबतीत सारे काही विवेकाधीन आहे.

८. लपविण्याचा मोह

विवेकाधीन व्यवस्थेत सर्वांत मोठा प्रश्न उद्भवतो तो सत्यकथनाचा. अर्जदाराने भरावयाच्या प्रचलित प्रश्नावलीत मागील सात वर्षांतील मद्यपानाचे दुष्परिणाम विचारले जात. परंतु मद्याशी संबंधित आरोप आयुष्यात कधीही झाला असल्यास तो नोंदवावा, असेही तीतच म्हटलेले होते. विस्मृतीला एके ठिकाणी मर्यादा आणि दुसरीकडे नाही, अशी ही रचना होती. खोटे उत्तर हे स्वतंत्रपणे अपात्रतेचे कारण ठरते व ते गुन्हाही ठरू शकते. परिणामी असे दिसून येते की, पूर्वी घडलेल्या नशेच्या घटनेपेक्षा ती दडविण्याचा प्रयत्न अर्जदारास अधिक महागात पडतो. प्रमादास परिहार आहे. असत्याचा परिहार त्याहून कठीण आहे.

२०१७ पासून पात्रताधारकाने मद्यविषयक उपचार घेतल्यास ते कळविण्याचेही बंधन आले, आणि त्यानंतरच्या सततच्या पडताळणीच्या पद्धतीमुळे पूर्वी पाच वा दहा वर्षांनी होणाऱ्या फेरचौकशीची जागा अभिलेखांच्या अखंड तपासणीने घेतली. मध्यरात्री वाहन चालविताना झालेली अटक आता फेरचौकशीची वाट पाहत नाही. येथे धोरणाचा अंतर्विरोध उघडा पडतो. उपचार घेणे ही अनुकूल बाब आहे, असे नियम म्हणतो. आणि उपचार घेतल्याची नोंद करा, असेही नियम म्हणतो. ज्याला मदतीची सर्वाधिक गरज आहे त्यालाच नोंदीची सर्वाधिक भीती वाटते. भीतीपोटी तो उपचार टाळील, तर नियमाने जो धोका टाळावयाचा तोच धोका नियमामुळे वाढेल.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष असा निघतो की, निष्कलंक भूतकाळ ही सुरक्षा-पात्रतेची अट आज राहिलेली नाही. ज्या भूतकाळापासून माणसाने पळ काढलेला नाही, जो त्याने उघडपणे मान्य केला आहे आणि ज्याच्याविरुद्धचा पुरावा त्याने आपल्या रोजच्या वर्तनाने गोळा केला आहे, असा भूतकाळ आता आड येत नाही, किंवा निदान येऊ नये अशी योजना आहे. १९५३ च्या आदेशाशी तुलना करता हे अंतर लहान नाही. मात्र ईगन यांनी विचारलेला प्रश्न अद्याप तसाच आहे. तीन वर्षे पुरेशी आहेत काय? नियम म्हणतो, तुम्ही दाखवा, आम्ही ठरवू. रोग बरा झाला असे वैद्य सांगू शकतो, शिक्षा संपली असे न्यायाधीश सांगू शकतो. भूतकाळ संपला असे सांगण्याचा अधिकार मात्र राज्याने अजून स्वतःखेरीज कोणालाही दिलेला नाही.